एल चिल्कोची तीन पोती

१

रविवारी सकाळी ओतिलियाबाईंनी बाराव्या पेल्यातली कॉफी चमच्यानं सुर्रकन ओढली, तोंडात घोळवली, थुंकली आणि चमचा टेबलावर आडवा ठेवला.

"सेगुंदो," त्या म्हणाल्या, "एल चिल्कोची कॉफी यात नाही."

मी भट्टी पुसत होतो. सान लासारोच्या कॉफी उत्पादक संघात गेली अकरा वर्षं मी भाजतो आणि बाई चाखतात. मी चांगलं भाजलं तर बाईंचं कौतुक होतं, वाईट भाजलं तर मला शिव्या बसतात. या विभागणीबद्दल माझी तक्रार नाही, पण कोणीतरी ती लिहून ठेवावी असं मात्र वाटतं.

"नसायला काय झालं? बारा जणांची पोती आली, बारा पेले मांडले. नावं झाकलेली आहेत म्हणून तुम्हाला ओळखू आली नसेल."

बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. या बाई नाक पेल्यावर धरून सांगतात, ही गालेरास ज्वालामुखीच्या राखेच्या मातीतली, ही नदीच्या बाजूची, ही वाळवताना एकदा पावसात सापडलेली. आमच्या अख्ख्या नारिन्यो भागाच्या कॉफीची चव ज्या नाकात साठवलेली आहे ते एवढंसं बसकं नाक आहे. परीक्षेच्या आठवड्यात त्या लसूण खात नाहीत, अत्तर लावत नाहीत, आणि शेजारच्यानं लावलं तर त्याच्याशी बोलत नाहीत.

शिवाय एल चिल्कोची चव मलाही आठवत होती. पंधरा दिवसांपूर्वी बाई डोंगरावरच्या त्या मळ्यातून मूठभर बी रुमालात बांधून घेऊन आल्या होत्या. मी भाजली, त्यांनी चाखली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अख्खा पेला पिऊन टाकला. तळाशी उरलेला घोट मी चोरून घेतला. आधी संत्र्याची साल नखानं टोचावी तसा तजेला, मग स्वच्छ गुळाची गोडी, आणि निवत गेली तशी कॉफीच्याच मोहराचा वास. घोट संपल्यावरही तोंडात काही खरखरत नव्हतं. तो घोट घेऊन मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो होतो. आपण जिथे जन्मलो त्या डोंगरातून असं काही निघतं, याचा मला खरोखर अभिमान वाटला.

बाईंनी मात्र कोणाला अवाक्षर सांगितलं नाही. परीक्षेआधी चव बोलायची नाही, हा त्यांचा नियम. मळ्याच्या मालकिणीला, एर्मेन्सियालासुद्धा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "पोती पाठव."

"चार नंबर कोणाचा ते बघ," बाई म्हणाल्या. "आणि सातचाही."

मी पाकीट फोडून यादी काढली. चार नंबर एर्मेन्सिया तुल्कान, मळा एल चिल्को. सात नंबर नाबोर रोसेरो, खालच्या दरीतला.

चार नंबरची कॉफी दाट होती, गोड होती, मागे किंचित धुराची छटा होती. खालच्या गरम दरीतली कॉफी. एल चिल्को दरीपासून साताठशे मीटर वर आहे, ढगांच्या काठाला.

२

गोदामाची किल्ली क्लिमाकोच्या गळ्यात असते, संताच्या ताईताशेजारी. तो आंघोळीलाही ती काढत नाही, असं त्याची बायको सांगते.

"सील बघा," तो म्हणाला. "शिशाचं सील, माझा ठसा, कोणी हात लावलेला नाही. शुक्रवारी तीन वाजता विल्मरनं पोती आणली, त्याच्यासमोर लावलं."

"पोती आपल्याच संघाची?"

"सगळ्यांना आपणच दिलीत ना, बाई. घायपाताची, एकाच मापाची. कोणाची कुठली ते फक्त सुतळीला बांधलेल्या चिठ्ठीवरून कळतं." तो जवळ सरकला. "आता मी काही म्हणत नाही. पण आईची पोती पोरानं आणली, आणि पोराला काय हवंय ते सगळ्या गावाला ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. एल चिल्को म्हणजे पिढ्यान्पिढ्या बटाट्याची जमीन. नवरा गेल्यावर एर्मेन्सियानं तिथे कॉफी लावली तेव्हा लोक हसले होते. एवढ्या उंचीवर, एवढ्या थंडीत कॉफी कोण लावतं? विल्मरला बापासारखा बटाटाच हवा होता. शेवटी मायलेकांत ठरलं, की या वर्षी परदेशी खरेदीदारानं एल चिल्कोच्या नावानं कॉफी उचलली तर झाडं राहतील. नाही तर ऑगस्टमध्ये विल्मर कुदळ घालणार, आणि आईनं एक शब्द बोलायचा नाही. खरेदीदार मंगळवारी येणार होती. तिच्यापुढे ठेवायच्या पास मळ्यांची यादी सोमवारी दुपारी बारा वाजता बंद होणार होती.

"वर्षाचा सगळा चांगला माल तीनच पोती होता," मी म्हणालो. "घरी आता पाखडून काढलेली बी तेवढी असेल."

"विल्मरनंच बदलली असणार," क्लिमाको म्हणाला.

"मग त्यानं चांगली कॉफी कशाला घातली?" बाई म्हणाल्या.

क्लिमाको गळ्यातली किल्ली चाचपू लागला.

"ज्याला झाडं उपटायची आहेत तो पोत्यात कचरा भरेल. चार नंबरमध्ये कचरा नाही. कोणाचा तरी निवडलेला, जीव लावून वाळवलेला माल आहे तो. बरं, तिची कॉफी चोरून कोणी आपल्या नावानं लावली म्हणावं, तर ती बाकीच्या अकरांतही नाही. असला कसला चोर, जो वाईटही करत नाही आणि फायदाही घेत नाही?"

गावानं मात्र चोर ठरवूनही टाकला होता. आम्ही चौकातून निघालो तेव्हा पावाच्या दुकानातली बाई ओतिलियाबाईंना म्हणाली, "विल्मरनं आईलाच लुबाडलं म्हणे." क्लिमाकोची किल्ली गळ्यात राहते, जीभ तोंडात राहत नाही.

३

एल चिल्कोला माझी जुनी गाडी दोनदा तापली. वर झाडं अशी उभी होती की वाद घालायची सोय नव्हती. ठेंगणी, काळपट हिरवी, पानं जाड. फळ पिकायला खाली सात महिने लागतात, इथे नऊ. दिवसा विषुववृत्ताचं ऊन आणि रात्री हाडं गोठवणारा गारठा. दरीतली गरम हवा पहाटे वर चढते म्हणून झाडं कशीबशी तगतात आणि बी हळूहळू घट्ट होत जाते. या सगळ्या हालअपेष्टांतून तो संत्र्याचा तजेला येतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

एर्मेन्सियानं आम्हाला बसवलं आणि कॉफी दिली. सगळ्या घरांत असते तीच, पाखडून काढलेल्या किडक्या, फुटक्या बियांची. चांगला माल विकायचा आणि उरलेला आपण प्यायचा, ही आमच्याकडची रीत. कडू, करपट, वर गुळाचा मारा. जगातली सर्वांत चोखंदळ जीभ असलेल्या बाईंनी तो पेला तोंड वाकडं न करता संपवला.

"पोती माझ्या हातानं भरली," एर्मेन्सिया म्हणाली. "चिठ्ठ्या मी बांधल्या. विल्मरनं गाडीत टाकली आणि अकराला निघाला."

विल्मर दाराला टेकून उभा होता. सत्तावीस वर्षांचा दांडगा माणूस, पण नजर जमिनीवर.

"वाटेत कुठे थांबलास?" बाईंनी विचारलं.

"कुठंच नाही."

"अकराला निघालास, तीनला पोचलास. माझ्या या सेगुंदोच्या डबड्याला दीड तास लागतो."

"खोटं कशाला बोलतोस?" आई म्हणाली. "नाबोरकडे थांबला असशील. त्याच्या दारावरून कोणी उपाशी गेलंय का?"

विल्मरचे कान लाल झाले. "थांबलो होतो. धर्मबाप आहे तो माझा, जेवल्याशिवाय सोडतो का? त्याच्या बहिणीनं, फिदेलिनाआत्यानं गिनिपिग भाजला होता. दोन बियर झाल्या. मग डोळा लागला."

"किती वेळ?"

"तास. दीड तास."

"आणि पोती?"

"गाडीत. अंगणात."

बाई उठून मागच्या अंगणात गेल्या, फळं सोलल्यावर बी ज्यात आंबवतात त्या टाकीपाशी. कोरड्या टाकीच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"इथे किती ठेवतेस?"

"हाताला कळेपर्यंत. दोन रात्री लागतात. पहिल्या वर्षी एका रात्रीनंतर धुवायला घेतली तर बी शेंबडासारखी बुळबुळीत. गारठ्यात गर सुटतच नाही लवकर."

"तोडणीला मदतीला कोण होतं?"

"दोघी शेजारणी. आणि नाबोर एक दिवस आला होता. उसनी मेहनत, मी त्याच्याकडे जाते, तो माझ्याकडे येतो."

आम्ही निघालो तेव्हा एर्मेन्सिया लेकाकडे वळली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, पण ती अगदी शांतपणे बोलली.

"विल्मर, झाडं तुला नको होती हे मला माहीत आहे. तू केलं असशील तर आत्ता सांग. मी तुला काही बोलणार नाही."

विल्मरनं आईकडे पाहिलं, टोपी डोक्यावर घातली आणि उतारावरून चालत निघून गेला. बटाट्यासाठी भांडणारा तो माणूस वाटेतल्या कॉफीच्या झाडांना खांदा लागू नये म्हणून अंग चोरून चालत होता. बाईंनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

४

सोमवारी सकाळी आम्ही दरीत उतरलो. नाबोर रोसेरोचं घर लांबूनच वासानं कळतं. अंगणात त्याचं गुऱ्हाळ आहे, चुलाण्यात चिपाडं जळतात आणि माळ्यावर कॉफी वाळते. नाबोर साठीचा, एर्मेन्सियाच्या नवऱ्याचा जिवलग मित्र. गेली चार वर्षं त्याची कॉफी आमच्याकडे पहिल्या तिघांत येते. या वर्षी सात नंबरचा पेला त्याचा होता, आणि कॉफी बेताचीच होती.

"या, बाई, या. सेगुंदो, तू वाळलास की रे." त्यानं आम्हाला बसवलं आणि लगेच विचारलं, "वहिनींची पास होईल ना?"

"यादी बंद होईपर्यंत मी बोलत नाही."

"हो, ते खरं. पण होईल ना?"

"तुझी कशी झाली ते नाही विचारलंस?"

"माझं काय, होतंय नेहमीचंच."

विल्मरबद्दल बाई अजून काही बोलल्या नव्हत्या, आणि दरीत गावची बातमी एक दिवस उशिरा पोचते. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्या पायावर पाय दिला.

"नाबोर, तू टाकीत कॉफी किती ठेवतोस?"

"एक रात्र. अठरा तास. त्याच्यावर एक तास गेला की आंबट शिरका झालाच म्हणून समजा. माझ्या बापानं एकदा तसा माल नदीत ओतलेला मी पाहिलाय."

तेवढ्यात त्याची बहीण फिदेलिना कॉफी घेऊन आली. टवके उडालेले पत्र्याचे पेले. नाबोरला पोटाचं दुखणं आहे, तो नुसतं गुळाचं पाणी पितो. मी मनाची तयारी करून घोट घेतला.

तो घोट मी विसरणार नाही. उखळात कांडलेली, मातीच्या खापरात वेडीवाकडी भाजलेली, गुळात उकळलेली ती कॉफी. एवढे अत्याचार सोसूनही आतून संत्र्याची साल, आणि मागून तो मोहर. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"फिदेलिना," त्या म्हणाल्या, "आणखी आहे का?"

"भरपूर आहे. पण कशी लागली? शनिवारपासून ही नवी काढलीय आणि मला आपलं वाटतंय, की भांड्याला कशाची साल चिकटून राहिलीय. दोनदा घासलं मी ते."

"भांडं चांगलं आहे तुझं. नाबोर, ही घरातल्यांना प्यायला तू काढून दिलीस?"

नाबोर गुळाच्या पाण्यात पाहत राहिला.

५

"मी सांगते, तू नुसती मान हलव," बाई म्हणाल्या. "चार नंबरची आणि सात नंबरची कॉफी एकाच माळ्यावर वाळलेली आहे. दोन्हींना तुझ्या चिपाडांचा धूर लागलाय. चार नंबरची थोरली, सातची धाकटी. म्हणजे तुझा पहिल्या प्रतीचा माल एर्मेन्सियाच्या नावावर गेला आणि दुसऱ्या प्रतीचा तुझ्या. शुक्रवारी विल्मर झोपला, तू तीन पोती गाडीतून उतरवलीस, तुझी तीन चढवलीस आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीस. हे मला काल दुपारीच कळलं होतं. का केलंस ते आत्ता कळलं, तू अठरा तास म्हणालास तेव्हा."

"बाई..."

"तू तोडणीला वर गेलास. संध्याकाळी निघताना पाहिलंस, तर आदल्या दिवशीची कॉफी टाकीत तशीच."

नाबोरनं मान हलवली. मग त्याला राहवलं नाही.

"मला वाटलं विसरल्या. नवरा गेल्यापासून एकट्या, कामाचा डोंगर. सगळं वर्ष सडलं असं वाटलं मला. तोंडावर काय सांगणार? रोपं मीच दिली होती ना त्यांना. बटाटा सोडा, कॉफी लावा, असं मीच म्हणालो होतो त्यांच्या ओट्यावर बसून. आता माझ्या शब्दापायी त्या हसं होणार आणि झाडंही जाणार. म्हणून माझी दिली. खराब माल फेकवत नाही आपल्याला. म्हटलं, घरी पिऊन संपवू."

"टाकीपाशी वास तरी घ्यायचास."

"दुसऱ्याच्या टाकीत नाक घालायचं?"

"वर हवा गार आहे, नाबोर. तुझ्याकडे अठरा तासांत होतं ते तिच्याकडे चाळीस तासांत होतं. तिनं स्वतःच्या हातानं शोधून काढलंय ते. त्याच चाळीस तासांची चव सेगुंदो आत्ता तोंडात घेऊन बसलाय, बघ कसा गप्प आहे."

नाबोरनं फिदेलिनाच्या हातातला पेला घेतला आणि पोटाच्या दुखण्याला न विचारता एक घोट प्याला. चाळीस वर्षं कॉफी करणारा माणूस, त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"अशी कॉफी मला कधी जमली नाही," तो म्हणाला.

"दोष माझाही आहे," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांपूर्वी मी एक शब्द बोलले असते तर तू हे केलं नसतंस. नियम पाळला आणि घोळ घातला."

"मग आता राहू द्या ना, बाई. माझी कॉफी वाईट नाही. त्यांच्या नावानं पास झाली तर झाडं राहतील, कोणाला कळायचं कारण नाही."

"आणि पुढच्या वर्षी खरेदीदार पुन्हा तीच चव मागेल तेव्हा? दरवर्षी विल्मरला बियर पाजणार आहेस? ते असू दे. विल्मरला गाव चोर म्हणतंय. काल त्याच्या आईनंही विचारलं, की तू केलंस का. तो तेव्हापासून घरी गेलेला नाही."

नाबोर उठला. टोपी घालायचीही त्याला शुद्ध राहिली नाही. कोठीतून त्यानं पहिलं पोतं एकट्यानं उचलून माझ्या गाडीत टाकलं, मग दुसरं, मग फिदेलिनानं फोडलेलं तिसरं, तोंड वळून घट्ट बांधून. साडेदहा वाजले होते. माझी गाडी त्या दिवशी एकदाही तापली नाही. बाईंनी क्लिमाकोसमोर पोती उघडली, भाजायला लावली, चाखली आणि बाराला दहा कमी असताना चार नंबरपुढे सही केली. मग नाबोर चौकात, पावाच्या दुकानासमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपण काय केलं ते त्यानं सांगितलं. साठ वर्षांच्या माणसाला ते सोपं नव्हतं. मला त्या क्षणी तो फार मोठा वाटला.

विल्मर गावाबाहेरच्या पुलावर सापडला. त्याला घरी न्यायला एर्मेन्सिया स्वतः गेली. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.

६

मंगळवारी खरेदीदार बाई आली. उंच, उन्हानं नाक सोललेली, आणि ओतिलियाबाईंपेक्षाही मोठ्यानं सुरके मारणारी. बारा पेल्यांवरून ती तीनदा फिरली आणि चौथ्यापाशी थांबली. पेला निवेपर्यंत थांबली. मग तिनं दुभाष्यामार्फत विचारलं, हा मळा कोणाचा, आणि त्याचं नाव नीट कसं लिहायचं.

एर्मेन्सिया भिंतीशी उभी होती, शाल घट्ट धरून. ओतिलियाबाईंनी एक पेला भरला आणि तिच्या हातात दिला.

"मला कशाला? मी घरी पिऊन आलेय."

"पी गं."

तिनं घोट घेतला. पुन्हा घेतला. मग पेल्यात पाहिलं, जणू तळाशी कोणी काही लपवलंय.

"ही माझी?"

"तुझी."

"मी चार वर्षं ही लावली, तोडली, धुतली," ती हळू म्हणाली, "आणि मला माहीतच नव्हतं." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. मग पेला तिनं विल्मरपुढे धरला.

विल्मरनं उभ्या उभ्या तो संपवला. पेला ठेवून बाहेर गेला. एर्मेन्सिया दाराकडे पाहत राहिली, नाबोर मान खाली घालून बसला, आणि दुभाष्या सांगत होता की खरेदीदार बाईंना तिन्ही पोती हवी आहेत, एल चिल्कोच्या नावानं, आणि पुढच्या वर्षीचीही.

विल्मर परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर फिदेलिनानं फोडलेलं पोतं होतं.

"त्यांना सांगा, दोनच मिळतील," तो दुभाष्याला म्हणाला. "हे घरी चाललंय. आजपासून आमच्या घरी हीच प्यायची."

"आणि तुझे बटाटे?" आईनं विचारलं.

"बटाटे बाजारातून आणू," विल्मर म्हणाला.